फलक नंतर, आधी फावडं

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरात आप्पांच्या नावाची पहिली घागर भरायची, त्याच्या आत तालमीच्या दारावर संगमरवरी फलक बसवायचा आणि उद्घाटनाला आमदारांना बोलवायचं, असं तुझ्या मनात आहे. माझं मत विचारलंस म्हणून लिहितो.

फलकाला माझी हरकत नाही. पण आप्पा गेल्यापासून तू तालमीत पाऊल टाकलेलं नाहीस, हे तिथल्या पोरांकडून कळलं. आत गेलं की ते दिसतात, म्हणून जात नाहीस. समजतं मला. पण मग फलक कोणासाठी रे? रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी?

आधी आखाडा उकर.

आपल्या शिवारात सगळी काळी माती. कपाशीला उत्तम, आखाड्यात निरुपयोगी. ओली झाली की अंगाला चिकटते, वाळली की भेगाळते. म्हणून आप्पा लाल माती ट्रॉलीने बाहेरून आणवत आणि स्वतः बसून चाळत. खडा राहिला तर पोराचा गुडघा फुटतो, म्हणून हे काम दुसऱ्यावर सोपवत नसत. मग तेल, हळद, ताक, लिंबाचा रस, कापूर. तेल-ताकाने माती मऊ राहते, हळद खरचटल्यावर कामी येते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला की ही माती चार दिवस कोणी हलवली नाही तरी अशी आवळते, की पाठ आपटली तर बरगडीच जायची. पहाटे पाणी शिंपडायचं, कडेपासून फावडं मारत मधे यायचं, ढेकळं हाताने फोडायची. एखादा नवा पोरगा मोठ्या गप्पा मारायला लागला की आप्पा म्हणायचे, "माटीले हात लाव पहिले, मंग बोल." ते तुलाही लागू आहे असं समज.

मग त्यांच्या जोडीच्या पैलवानांना गाठ. जे हयात आहेत ते आता ओट्यावर बसलेले सापडतील. गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे. वाढवून सांगतील हे धरून चाल. कुणी म्हणेल, आप्पांनी हिंदकेसरीला आसमान दाखवलं. तसलं काही झालं नव्हतं. आप्पा यात्रा-जत्रांतले, तालुक्यातले पैलवान. पट काढण्यात, म्हणजे समोरच्याचे पाय धरून त्याला पाडण्यात, मात्र त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. होते तेवढेच आठव, फुगवू नकोस.

फलकासाठी जमवलेल्या पैशांतले काही कुस्त्यांच्या दंगलीकडे वळव. शेवटची मोठी जोड लावलीस तर भोंग्यावर नाव पुकारलं जाईल, टाळ्या पडतील. मी म्हणेन, सुरुवातीच्या कुस्त्या घे. रेवड्यांवर, नारळावर लहान पोरं लढतात ना, त्या. तेव्हा मैदान अर्धं रिकामं असतं, हलगीवाला अजून हलगी शेकत असतो. आप्पा नेमके त्या वेळी कडेला उकिडवे बसलेले असायचे. हरलेल्या पोराच्या पाठीवरची माती झटकून त्याच्या मुठीत नोट कोंबायचे. जिंकलेल्याला फक्त विचारायचे, शाळेत जातोस का?

आता मॅटचं. पोरं मॅट मागताहेत आणि तू लिहितोस की आप्पांना मॅट आवडायची नाही, म्हणून त्यांच्या तालमीत ती येणार नाही. इथे मी पोरांच्या बाजूने. ऑलिंपिकची कुस्ती मॅटवर होते. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीहून कांस्य आणलं ते मॅटवर लढूनच. महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी (म्हणजे मॅटच) असे दोन विभाग असतात आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात. आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरींनी 2014, 2015 आणि 2016 अशी सलग तीनदा ती गदा आणली, तेव्हा आप्पांनी गल्लीभर पेढे वाटले होते. शेवटची कुस्ती कशावर झाली, हे काही विचारत बसले नव्हते. म्हाताऱ्या माणसाची कुरकुर होती ती, मृत्युपत्र नव्हतं. तू त्याचा कायदा करू नकोस. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मॅट बसेल. आखाडा आहे तिथेच राहू दे. पैसे कमी पडले तर फलक लहान कर.

आणि फलकावर नाव अन् जन्म-मृत्यूची सालं पुरेत. 'कुस्तीसम्राट' वगैरे खोदवलंस तर आप्पांच्या वतीने मीच छिन्नी घेऊन येईन. आमदारांचं तुझं तू बघ. ते आले की उशिराच येतात आणि पोरांच्या व्यायामाची वेळ जाते, एवढं ध्यानात ठेव.

तालमीतल्या फावड्याचा दांडा ढिला झालाय, पाचर मारून घे. लाल मातीची ट्रॉली मी सांगून ठेवतो, भाडं तू द्यायचं. चाळायला मात्र दोघंच बसू. पोरांना त्या दिवशी सुट्टी नाही, त्यांचे जोर-बैठका चालू राहतील.

तुझा,
काका