वजनदार प्रश्न : रॉड सरळ जाऊ द्या, डोकं मागे घ्या

प्रश्न : मी पिंपळगाव बसवंतचा. वय 29, घरची द्राक्षबाग. दोन वर्षं जिमला जातोय. उभं राहून रॉड डोक्यावर नेतो, तो 40 किलोवर अडकलाय. 45 लावले की कपाळापाशी थांबतो, मी मागे वाकतो आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरते. जिममधला एक जण म्हणतो, मानेमागून मार, खांदे भरतील. व्हिडिओ जोडला आहे.

उत्तर : व्हिडिओ चार वेळा पाहिला. खोट तुमच्या खांद्यात नाही. मांडवाखाली दिवस दिवस हात वर करून विरळणी करणाऱ्याचे खांदे कच्चे असतील कसे? गडबड कंबरेखाली आहे, आणि रॉडच्या वाटेत.

छातीवरून निघालेल्या रॉडने सरळ वर जायचं असतं. वाटेत तुमची हनुवटी येते. तुम्ही ती जागची हलवत नाही, रॉडलाच पुढून वळसा घालायला लावता. पुढे गेलेलं वजन अंगाला पुढे खेचतं, मग तोल सावरायला कंबर मागे मोडते. कामदा एकादशीला पंचवटीत रामरथ पाहिला असेल. रथ आला की गर्दी मागे सरते, रथ गेला की लगेच ती जागा भरून काढते. रथ कुणासाठी वळत नाही. डोक्यानं एवढंच करायचं. रॉड नाकासमोरून जाईपर्यंत हनुवटी मागे, कपाळ ओलांडलं की डोकं आणि छाती पुढे, रॉडच्या खाली. वर पोचल्यावर रॉड, खांदा आणि पावलाचा मध्य एका ओळंब्यात हवेत. कोपर पूर्ण सरळ करा आणि शेवटी खांदे कानांकडे उचला. हे शेवटचं बरेच जण सोडून देतात. खांदे दाबून ठेवले तर फऱ्याचं हाड हाताबरोबर वर फिरत नाही आणि खांद्यात चिमटा बसतो.

आता खालचं. मी पंचवटीतल्या एका तालमीत शिकलो. तिथे हातात आधी मुद्गल आले, रॉड फार नंतर. वस्ताद वेताची छडी घेऊन मागे उभे राहायचे, ढुंगणावर टोचायचे आणि म्हणायचे, "हे आवळ आधी." आम्हाला हसू यायचं. पण व्हिडिओत तुमचं तेच सैल आहे, गुडघेही किंचित मोडलेले आहेत. गुडघे ताठ, ढुंगण आवळलेलं, पोटात भरपूर श्वास घेऊन तो अडवलेला. वर पोचल्यावर सोडा, खाली आणून पुन्हा भरा. (रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी श्वास असा कोंडण्याआधी डॉक्टरांना विचारावं.) सुरुवातीला अंग थोडं मागे कलतंच, पण ते घोट्यापासून खांद्यापर्यंत एका फळीसारखं कलायला हवं, कंबरेत मोडून नव्हे. कंबरेत मोडलात की छाती आढ्याकडे बघते आणि व्यायाम उभ्यानं मारलेला इन्क्लाइन बेंच होतो, म्हणजे तिरप्या बाकावर पडून छातीनं रॉड ढकलावा तसा. मणक्यावर भार, खांद्याला विश्रांती.

ही खोड तुमच्या एकट्याची नाही. ऑलिंपिकमध्ये वेटलिफ्टिंगला पूर्वी स्नॅच (रॉड एका दमात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) यांबरोबर प्रेस, म्हणजे तुमचा हाच व्यायाम, हा तिसरा प्रकार होता. लिफ्टर इतके मागे वाकू लागले की हे उभ्यानं उचलणं की आडवं होणं, हे पंचांना ठरवता येईना. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर तो प्रकारच बंद झाला. मी तेव्हा शाळेत होतो.

पकडही तपासा. रॉड बोटांच्या मुळाशी धरता, म्हणून मनगट मागे पडतं. तळव्याच्या मनगटाकडच्या गादीवर ठेवा, अंगठा रॉडभोवती, हात खांद्यापेक्षा बोटभरच रुंद. समोरून पाहिलं तर मनगटापासून कोपरापर्यंतचा हात उभा दिसावा, बाजूनं पाहिलं तर कोपर रॉडच्या किंचित पुढे.

मानेमागून? नको. ज्याचे खांदे मागे मोकळे फिरतात त्याला ते जमतं. मोटारसायकलच्या हँडलवर आणि मोबाइलवर वाकून पुढे आलेल्या खांद्यांना ती जागा अवघड. सल्ला देणाऱ्याला भिंतीला पाठ टेकून, कंबर न उचलता दोन्ही हात डोक्यावर भिंतीला लावून दाखवायला सांगा. बहुधा गप्प बसेल.

राहिला 40 चा अडथळा. रिकामा रॉडच 20 किलोचा, म्हणजे टोमॅटोचं भरलेलं एक कॅरेट. तुम्ही 40 वरून एकदम 45 वर जाता, ती साडेबारा टक्क्यांची उडी. बैठकीत चालते, इथे नाही. प्रत्येक बाजूला 1.25 ची प्लेट लावा, 42.5 होतील. तेही जड गेलं तर पायाला बांधायचे अर्ध्या किलोचे वाळूचे पट्टे मिळतात, ते दोन्ही टोकांना गुंडाळा. आधी मात्र 30 वर या आणि तीन आठवडे पाच-पाचचे सेट मारा, व्हिडिओ बाजूनं काढत. ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणी सुरू झाली की त्या दिवशी प्रेस मारू नका. तो व्यायाम बागेत झालेलाच असतो.

प्रश्न : मी 52 वर्षांची, इंदिरानगरला राहते. माळ्यावर डबा ठेवताना उजवा खांदा दुखतो. मुलगी म्हणते जिमला चल, वजन डोक्यावर घे. घेऊ का?

उत्तर : ताई, आधी एक तपासा. दुसऱ्यानं तुमचा हात हळूच वर नेला तर तो वर जातो का? दुसऱ्याच्या हातानंही जात नसेल, तर तो फ्रोझन शोल्डर असू शकतो. चाळिशी ते साठीत होतो, मधुमेह असेल तर जास्त. तेव्हा आधी हाडांचे डॉक्टर, मग जिम. हात वर जातो पण दुखतो, तरीही एकदा दाखवून घ्या. डॉक्टर हो म्हणाले तर लाटण्याएवढ्या हलक्या काठीनं सुरुवात करा. दुखणं न वाढता पंधरा वेळा जमलं की दोन किलोचं डंबेल. रॉडची घाई नको. बायकांचा रॉड 15 किलोचा आणि धरायला बारीक असतो, तो जिममध्ये आहे का हे मुलीला विचारून ठेवा. तोवर डबा खालच्या फडताळात.

प्रश्न : सिडकोतून. 40 किलोला कंबरेचा बेल्ट घ्यावा का?

उत्तर : नाही. तेवढ्या पैशांत 1.25 च्या दोन प्लेटा घ्या आणि जिमच्या पिशवीत ठेवा. एखादी जोडी पिंपळगावलाही पाठवा.