फवारणीनंतर डोकं जड होतंय? आधी पाठीवरचा सदरा तपासा

प्रश्न : तोंडाला रुमाल बांधूनही फवारणीनंतर डोकं दुखतं, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. सकाळी बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी उरलेलं रान फवारलं तर चालेल का?

उत्तर : नाही, फवारू नका. ही विषबाधेची सुरुवात असू शकते. सकाळी हलकं वाटलं म्हणजे विष उतरलं असं नाही. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं शरीरातलं कोलिनेस्टरेज नावाचं विकर निकामी करतात. नसा आणि स्नायूंचं काम त्याच्यावर चालतं. त्याची झीज भरून यायला कित्येक आठवडे लागू शकतात. त्याआधी पुन्हा फवारलंत, तर एरवी सोसली असती एवढी मात्राही माणसाला आडवं करते.

राहिला रुमाल. त्यातून वाफ अडत नाही, आणि फवारताना बहुतेक विष नाकातून नव्हे, कातडीतून आत जातं. पंपाचं झाकण सैल असलं की वाकताना द्रावण पाठीवर सांडतं, ओघळून कमरेखाली उतरतं आणि कपडे तसेच अंगावर वाळतात. पॅराथिऑन या त्याच गटातल्या कीटकनाशकाच्या चाचण्यांत हाताच्या कोपराखालच्या कातडीपेक्षा अंडकोषाच्या कातडीतून सुमारे १२ पट विष शोषलं गेलं होतं. म्हणून मास्क घेण्याआधी झाकणाचा वायसर बदला, माझा आग्रहच आहे. कपडे भिजले तर रान अर्धवट सोडा, साबणाने अंघोळ करा. ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका.

सगळ्यात जास्त धोका बाटली ओतताना असतो, कारण तेव्हा औषध पाणी न मिसळलेलं, तीव्र असतं. तिथे रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे हवेतच. तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकू नका.

लाळ सुटणं, दरदरून घाम, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणं, स्नायू फडफडणं, छाती आवळणं, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना गाठा. उलटी करवू नका, दूध पाजत बसू नका. बाटलीचं लेबल सोबत न्या. अॅट्रोपिन हा या विषावरचा उतारा द्यायचा की नाही हे डॉक्टर त्यावरून लवकर ठरवतील. माणूस सावरल्यावरही १ ते ४ दिवसांत मान उचलवेनाशी होऊ शकते, श्वास अडकू शकतो, म्हणून घरी नेण्याची घाई करू नका.

तुम्ही मात्र आजच डॉक्टरांना दाखवा, रक्तातलं कोलिनेस्टरेज तपासून घ्या. ते सांगेपर्यंत पंप दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर द्या, पण वायसर बदलूनच.