जुने जपानी गॉडझिला पिक्चर लोकांना अजून एवढे का आवडतात?

माझ्या मते मेन कारण हे की पहिला गॉडझिला (१९५४) मुळात दुःखाचा पिक्चर आहे. हिरोशिमा-नागासाकीला जेमतेम नऊ वर्षं झालेली, त्यात त्याच मार्चमध्ये अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि त्याची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, सगळे खलाशी आजारी पडले, एकजण तर गेलाच. आणि पिक्चर सुरू होतो तोच बोट जळण्यापासून! थेटरात बसलेल्यांचं काय झालं असेल विचार करा. दिग्दर्शक इशिरो होंडाने युद्धावरून परतताना हिरोशिमा स्वतः बघितलेलं, म्हणून ते हॉस्पिटलचे सीन बघताना आजही पोटात कालवतं.

दुसरं म्हणजे सगळं हाताने केलेलं काम. स्पेशल इफेक्ट्सवाल्या त्सुबुरायाने छोटं टोकियो बांधलं, गॉडझिलाच्या जड रबरी सूटमध्ये अभिनेता हारुओ नाकाजिमाला घातलं आणि कॅमेरा जास्त स्पीडने चालवला म्हणजे पडद्यावर हालचाल संथ आणि वजनदार दिसते. ती डरकाळी पण प्राण्याची नाहीये, संगीतकार इफुकुबेने डबल बेसच्या (मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य) तारांवर चामडी हातमोजा घासून काढलेला आवाज आहे तो, मला तर हे कुठल्याही कॉम्प्युटर इफेक्टपेक्षा भारी वाटतं.

नंतरचे मोथरा, गिडोरा वगैरे दुसऱ्या राक्षसांचे पिक्चर जास्त मजेचे आहेत, मुलांसोबत बघायला मस्त. पण सुरुवात १९५४ च्या मूळ जपानी पिक्चरनेच करा, १९५६ चा अमेरिकन कट नको, त्यात अणुबॉम्बचे बरेच संदर्भ कापलेत.