नुसतं बोलून काय होणार?

प्रश्न : वय ३६, राहायला वागळे इस्टेट, नोकरी कोपरखैरणेला. गेल्या पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबई ट्रान्सहार्बरच्या लोकल गाडीत ऐरोली सुटल्यावर अचानक छाती धडधडायला लागली. घाम, हातांना मुंग्या, वाटलं संपलं सगळं. रबाळ्याला उतरले. ईसीजी, टू-डी एको, थायरॉइड, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, पॅनिक अटॅक. तेव्हापासून गाडी बंद. नवरा विटाव्यावरून स्कूटरने सोडतो. पर्समध्ये पाण्याची बाटली आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली अर्धी गोळी नसेल तर मी खाली वाण्याकडेही जात नाही. एका समुपदेशकांकडे काही महिने गेले, त्या लहानपणाबद्दलच विचारत. नणंद म्हणते सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) कर, सासरे म्हणतात इगतपुरीला विपश्यना. पण नुसतं बोलून छातीतली धडधड जाते का?
— अ. व., ठाणे

उत्तर : नुसतं बोलून नाही जात. बोलण्याचीच फी घेणारी बाई हे सांगते आहे, तेव्हा विश्वास ठेवा.

तपासण्या झाल्या आहेत, उत्तम. आता दर महिन्याला ईसीजी काढू नका. धडधड कशानेही होते. उकाडा, रिकामं पोट, अपुरी झोप, कडक कॉफी. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये पॅनिकचं चक्र मांडलं, ते असं : शरीरात काहीतरी जाणवतं, आपण त्याचा 'हार्ट अटॅक' असा अर्थ लावतो, त्या अर्थाने घाबरतो आणि घाबरल्यामुळे धडधड आणखी वाढते. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात आणि गरगरतं. साधारण दहा मिनिटांत हे सगळं शिगेला पोचतं आणि मग आपोआप ओसरतं. तुमचंही ओसरणारच होतं. पण तेवढ्यात तुम्ही रबाळ्याला उतरलात आणि मेंदूने श्रेय रबाळ्याला दिलं. आता ते स्कूटरला, बाटलीला आणि अर्ध्या गोळीला मिळतं आहे. तुमच्या वाट्याला काहीच येत नाही.

सीबीटीत हे श्रेय तुमच्याकडे परत आणायचं असतं, आणि ते खुर्चीत बसून होत नाही. नौपाड्यात माझ्या इमारतीला लिफ्ट नाही, त्याचा मला फार उपयोग होतो. पेशंटला तीन मजले पळत चढायला लावते. फिरत्या खुर्चीत गरगर फिरवते, बारीक स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घ्यायला लावते. (दमा, गरोदरपण, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.) "मॅडम, अगदी तस्संच होतंय!" असं लोक घाबरून ओरडतात. तेच तर हवं असतं. तस्संच होतं, आणि काही होत नाही, हे शरीराला कळावं लागतं. मी शंभरदा सांगून ते कळत नाही.

मग गाडी. दुपारच्या वेळी ठाण्याच्या फलाटावर नुसतं उभं राहायचं, दोन गाड्या सोडायच्या. नंतर दिघा गावपर्यंत जाऊन परत. हे स्टेशन २०२४ मध्ये सुरू झालं आणि माझ्या पेशंटची मोठी सोय झाली, नाहीतर पहिलीच पायरी थेट ऐरोलीची होती. आधी नवऱ्याबरोबर, मग एकटीने. रबाळ्याला दार उघडेल तेव्हा जागचं हलायचं नाही. सकाळची गर्दी सगळ्यात शेवटी. बाटली हळूहळू घरी राहील. गोळीबद्दल मात्र तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांशीच बोला. पटकन शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागू शकते. रोज घेत असाल तर मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. रोज घ्यायची दुसऱ्या जातीची औषधंही असतात, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. गरज असेल तर जरूर घ्या. औषध आणि थेरपी या काही सवती नाहीत.

साधारण बारा ते सोळा बैठका धरा. मधल्या दिवसांत घरचा अभ्यास केला तरच.

तुमच्या पत्रात न लिहिलेलं एक मला दिसतं : ऑफिसात कळलं तर काय, ही लाज. इथे अल्बर्ट एलिस हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कामी येतो. त्याने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. त्याच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करणाऱ्या कि. मो. फडक्यांनी ती मराठीत आणली. एलिस 'च'वर बोट ठेवतो. 'मला भीती वाटताच कामा नये' हा हट्ट सोडून 'वाटली तर आवडणार नाही, पण सोसेन' इथवर यायचं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण गर्दीच्या डब्यात या दोन वाक्यांत फार अंतर पडतं.

आधीच्या समुपदेशक चुकीच्या होत्या असं मी म्हणणार नाही. साहेब, नवरा, आई, प्रत्येकाशी तेच भांडण पुन्हा पुन्हा होत असेल तर लहानपण उकरणं फळतं. पण ज्या बाईला आज गाडीत चढता येत नाही तिला आधी गाडीत चढवावं, आजोळच्या आठवणी नंतर. विपश्यनेचंही तसंच. आपल्या संवेदनांकडे न घाबरता पाहायला शिकणं तुमच्या कामाचंच आहे. पण पॅनिक ताजं असताना सुरुवात दहा दिवसांच्या मौनापासून करू नये, असं माझं मत. पुढे जाल तेव्हा अर्जात हा त्रास लपवू नका.

थेरपिस्टला पहिल्याच भेटीत विचारा, "मला गाडीत कसं बसवणार?" उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं दार ठोठवा.

प्रश्न : वय ६९. पत्नी जाऊन सात महिने झाले. रात्री तीनला जाग येते, मग झोप नाही. मुलगा बंगळुरूहून सांगतो, बाबा, सीबीटी घ्या. घेऊ का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : काका, इतक्या वर्षांचं माणूस गेल्यावर सात महिन्यांनी वाईट वाटतं, यात दुरुस्त करण्यासारखा विचार मला तरी सापडत नाही. काकूंबद्दल कुणाशी तरी बोलायला हवं. घरात कुणी ऐकणारं नसेल तर शोकासाठी समुपदेशन करणारे असतात, त्यांच्याकडे जा. तोवर एक करा : मन तयार होण्याची वाट न बघता घड्याळ लावून सकाळी तुमच्या नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेत एक फेरी आणि आठवड्यातून दोनदा ज्येष्ठांचा कट्टा. उत्साह आधी येत नाही, तो मागून येतो.

मात्र जेवण तुटलं, वजन उतरलं, किंवा 'आता जगून काय' असं वाटू लागलं तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सरकारची टेलिमानस सेवा २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही. रात्री तीनलाही चालते.

आणि मुलाने पुन्हा उपचारपद्धतीचं नाव घेतलं की त्याला विचारा, दिवाळीला किती दिवस येतोस?