डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या छात्राध्यापकांना वर्गात तंत्रज्ञान वापरण्यासाठी कसे तयार करावे?

संगणकाचा वेगळा तास ठेवून हे साधत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. स्लाइड कशा करायच्या हे बहुतेक छात्राध्यापकांना येतेच. कोणत्या घटकासाठी त्या करू नयेत, हे मात्र क्वचितच शिकवले जाते. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या शिक्षण-संशोधकांनी २००६ मध्ये मांडलेल्या ‘टीपॅक’ आराखड्याचा गाभाही हाच आहे, की आशय, अध्यापनपद्धती आणि तंत्रज्ञान यांचे ज्ञान एकमेकांत मिसळलेले असावे लागते.

म्हणून तंत्रज्ञान प्रत्येक विषयाच्या अध्यापनपद्धतीतच शिकवावे. दुसरीच्या वाचनाचा पाठ घेताना छात्राध्यापकाने दोन-तीन मुलांचे वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे, ते त्यांनाच ऐकवावे आणि जोडाक्षरापाशी कोण अडखळते, कोण शब्द गाळून पुढे जाते, याची नोंद पाठ टाचणात करावी. याला इंटरनेटही लागत नाही. अपूर्णांकांची ओळख करून देताना मात्र चित्रफितीपेक्षा कागदाच्या घड्या सरस ठरतात, कारण तिथे मुलांचे हात कामाला लागतात.

बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड स्कॅन करून ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावरील चित्रफीत लावणे म्हणजे अध्यापन नव्हे, ती कुठे थांबवायची आणि तिथे कोणता प्रश्न विचारायचा, हे टाचणात आधी लिहून घ्यावे. सराव पाठाच्या गुणदानात, ऐनवेळी वीज गेल्यावर पाठ कसा पुढे नेला, यालाही गुण ठेवावेत. छात्राध्यापक कुरकुर करतील, करू द्यावी.