पायथॉनमध्ये जेसन वाचताना आलेला आकडा पूर्णांक आहे का, हे नीट कसं तपासायचं?

मला कळलं ते असं, की ऑर्डरच्या जेसनमधलं (JSON, डेटा मजकूर म्हणून पाठवायची पद्धत) क्वांटिटी फील्ड तुम्ही प्रकार तपासणारं इझइन्स्टन्स (isinstance) लावून इंट, म्हणजे पूर्णांक, आहे का बघताय, तरी कोणी ट्रू पाठवलं तर ते सरळ आत शिरतंय, 5.0 आलं की एरर येतोय, आणि ऑर्डर आयडीचे शेवटचे आकडे ब्राउझरमध्ये बदललेले दिसतायत.

ट्रूचं लगेच सुटेल. पायथॉनमध्ये बूल (ट्रू-फॉल्सचा प्रकार) हा इंटचाच सबक्लास, म्हणजे उपप्रकार, आहे, त्यामुळे तो चेक पास होणारच. आधी बूल आहे का बघा, असेल तर तिथूनच परत पाठवा.

5.0 चं मात्र नीट समजून घ्या, कारण बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. जेसनमध्ये पूर्णांक आणि दशांश असे वेगळे प्रकारच नाहीत, नंबर हा एकच प्रकार आहे, आणि इंट द्यायचा की फ्लोट (दशांश आकडा) हे पायथॉनचा पार्सर, म्हणजे जेसन वाचणारा कोड, ठरवतो, तेही नुसतं टिंब किंवा (1e5 मधल्यासारखा) ई दिसला का एवढंच बघून. जावास्क्रिप्ट 5.0 ला 5 असं लिहून पाठवेल, पायथॉन 5.0 च लिहील, म्हणजे समोरचा कुठल्या भाषेत लिहितोय त्यावर तुमचं व्हॅलिडेशन पास-नापास होतंय, हे बरोबर नाही ना! जेसन स्कीमा, म्हणजे जेसनचा साचा ठरवणारं मानक, तेसुद्धा ड्राफ्ट 6 पासून 5.0 ला पूर्णांक मानतो. माझं स्पष्ट मत, 5.0 घ्या, 5.5 नाकारा.

आयडीच्या बाबतीत तुमच्या सर्व्हरवर कितीही चेक लावा, उपयोग नाही. ब्राउझरमध्ये सगळे नंबर 64 बिटांचे फ्लोट होतात, 9007199254740991 च्या पुढे प्रत्येक पूर्णांक त्यात नेमका बसत नाही, 9007199254740993 पाठवलात तर पार्स झाल्यावर शेवटी 992 दिसेल आणि एररही येणार नाही. आयडी स्ट्रिंग म्हणूनच पाठवा, त्यावर बेरीज-वजाबाकी थोडीच करायचीय. ट्विटरच्या एपीआयमध्ये आयडीच्या जोडीला स्ट्रिंगवालं वेगळं फील्ड याच कारणाने आलं.

ऑर्डर आहे म्हणजे पैसेही असणार, तर लोड्सला (जेसन वाचणारं फंक्शन, json.loads) पार्स_फ्लोट म्हणून डेसिमल, म्हणजे दशांश नेमके ठेवणारा प्रकार, द्याच. साध्या फ्लोटमध्ये 19.99 गुणिले 100 केलं की 1998.9999999999998 येतं, त्याला इंट केलं की 1998, गेला एक पैसा, आणि हिशेब जुळेना म्हणून कोणीतरी रात्रभर शोधत बसणार. डेसिमल दिलंत की 5.0 पण डेसिमल म्हणूनच येईल, त्यामुळे इंट करून मूळ आकड्याशी जुळतंय का ते बघा, पण त्याआधी रेंज तपासा, हा क्रम चुकवू नका, कारण कोणी 1e999999999 पाठवलं आणि तुम्ही थेट इंट करायला गेलात तर सर्व्हर तिथेच अडकेल.

अजून एक, पायथॉनचा जेसन पार्सर नॅन (NaN, म्हणजे 'आकडा नाही') आणि इन्फिनिटी हे शब्दही गुपचूप स्वीकारतो, जे जेसनच्या नियमात बसतच नाहीत. लोड्सच्याच पार्स_कॉन्स्टंटला एरर देणारं फंक्शन द्या म्हणजे ते थांबेल. आणि पायथॉन 3.11 पासून 4300 पेक्षा जास्त अंकांचा पूर्णांक आला तर साधा व्हॅल्यूएरर येतो, जेसनडीकोडएरर नाही, म्हणून एक्सेप्टमध्ये व्हॅल्यूएरर पकडा, त्यात दोन्ही येतात.