पोलिसावर केस करता येते. खात्याच्या चौकशीची वाट बघत बसू नका

तुम्ही विचारलंय, ठाण्यात मारहाण झाली तर सरकारच्या परवानगीशिवाय पोलिसावर केस होतच नाही, हे खरं का?

अर्धवट खरं आहे. याच अर्धवट माहितीवर माझ्या धाकट्या भावाचं प्रकरण बारगळलं, म्हणून लिहितोय.

२०१६ सालची गोष्ट. भांडणाच्या संशयावरून त्याला रात्री उचललं, अटक दाखवली दुसऱ्या दिवशी दुपारची. तळपाय सुजलेले, बूट चढत नव्हते. कोर्टात न्यायाधीशांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" भावाने वळून आमच्या काकांकडे पाहिलं. काका पोलीस खात्यातून निवृत्त. त्यांनी मान हलवली. भाऊ म्हणाला, "नाही."

पुढे जिथे गेलो तिथे तो 'नाही' आमच्यासमोर ठेवला गेला.

काकांचा एकच हेका, "वर्दीला कायद्याचं संरक्षण आहे, आधी खात्याची चौकशी होऊ दे." चौकशी ११ महिने चालली. तोवर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मधली, घटनेपासून सहा महिन्यांत खटला भरायची मुदत उलटली. त्यानंतर खटला भरायचा तर सरकारची मंजुरी, तीही दोन वर्षांच्या आत. आम्ही तिथेच थकलो.

तुम्ही त्याच दिवशी मेडिकल करून घ्या, प्रत्येक वळ कागदावर यायला हवा. सीसीटीव्हीसाठी लेखी अर्ज द्या. चित्रण १८ महिने जपावं असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्येच सांगितलंय. पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जरूर जा, पण ते शिफारस करतं, शिक्षा देत नाही. आणि न्यायाधीशांनी विचारलं की "हो, मारलं" म्हणा. बाहेर कोणीही काहीही पढवलेलं असो.

काका आजही म्हणतात, मी पोराला वाचवलं. काका, संरक्षण कर्तव्य बजावण्यासाठी असतं. कोठडीत तळपायावर पट्टा मारणं हे कुठलं कर्तव्य? आणि न्यायाधीशांनी प्रश्न त्याला विचारला होता, तुम्हाला नव्हे.

एक सांगायचं राहिलं. दंगलीत जमाव पांगवताना झालेली दुखापत वेगळी. तिथे मंजुरीचा मुद्दा येतो आणि यायलाच हवा, नाहीतर शिपाई काठी उचलणार नाही. ड्युटीवर मर्यादा ओलांडली एवढ्यावरूनही तो मुद्दा सुटत नाही. मात्र जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम २१८ खाली, सरकारने १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असं धरतात. मी वकील नाही. तुमची तारीख मोजून घ्यायला फौजदारी वकील याच आठवड्यात गाठा.